नौपाड्यातली जुनी मॅच रायफल: उघडायची की नुसती जुळवायची?

(प्रकरण खरं आहे. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये मे महिन्याच्या अखेरीस एक लांबलचक खोकं आलं. आत फाईनवेर्कबाऊ ३०० एस ही १९७० च्या दशकातल्या घडणीची, ४.५ मिमी बोअरची जर्मन मॅच एअर रायफल होती. घेणारे गृहस्थ ५८ वर्षांचे, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. नेमबाजीचा अनुभव कॉलेजातल्या एनसीसीत चालवलेल्या पॉइंट टू टू (०.२२ बोअरच्या) रायफलीपुरता. देणारे त्यांचे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, नेरूळला राहतात. १९८० च्या दशकात ते मावळणकर या अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धेपर्यंत पोहोचले होते. पुढे पाठीच्या दुखण्याने खेळ सुटला आणि रायफल कपाटात गेली ती जवळपास ३० वर्षं तिथेच राहिली.

हिची रचना समजली नाही तर पुढचं सगळं अधांतरी राहील. ही स्प्रिंग-पिस्टनची रायफल आहे. उजव्या बाजूचा लीव्हर मागे ओढला की सिलिंडर मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि बॅरलचं मागचं तोंड, म्हणजे ब्रीच, उघडं पडतं. तिथे अंगठ्याने पेलेट (शिशाचा छर्रा) बसवायचं. साध्या स्प्रिंगच्या एअरगनला पिस्टन सुटताच धक्का बसतो. हिच्यात त्यावर तोड म्हणून बॅरल आणि रिसीव्हर (यंत्रणेचा डबा) हा सगळा जोड स्टॉकमधल्या, म्हणजे लाकडी दस्त्यातल्या, स्लेजवर (सरकत्या पट्ट्यांवर) बसवलेला आहे. शॉट सुटताना तो जोड काही मिलिमीटर मागे सरकतो, स्टॉक मात्र खांद्याला जागच्या जागी राहतो. पुढच्या वेळी लीव्हर ओढताना स्लेज पुन्हा पुढे येऊन अडकते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल पहिल्यांदा आली, त्या सुमाराला अशा रायफली ऐन भरात होत्या. नंतर दाबलेल्या हवेच्या रायफलींनी त्यांना मागे टाकलं. पण १० मीटरवर कागदाला नेमकं भोक पाडायला ही आजही कमी पडत नाही.

परवान्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी घरातून आला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. हिचं बोअर त्या मर्यादेत बसतं आणि ऊर्जा तर पुष्कळ खाली आहे. तरी भाऊजींनी आयातीची जुनी कागदपत्रं सोबत दिली आणि रायफल नेता-आणताना कायम बंद पेटीत ठेवायला सांगितलं. टीएमटीच्या बसमध्ये खांद्याला लावून न्यायची ही वस्तू नव्हे.

अडचण

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी कुणाला न विचारता शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब सिलिंडरच्या तोंडातून आत सोडले. पहिला शॉट फटाक्यासारखा वाजला, बॅरलमधून निळसर धूर आला आणि तेल जळल्याचा वास सुटला. पुढचे शॉट कधी जोरात, कधी दमा लागल्यासारखे. उशीवर टेकवून मारलेल्या पाच पेलेटचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ४० मिमीच्या आसपास आला. म्हणजे लक्ष्यावरच्या ३०.५ मिमीच्या काळ्या वर्तुळातही मावेना.

शिवाय काही शॉटना खांद्याला ठोसा बसत होता, जो या रायफलीला बसताच कामा नये. आणि ट्रिगर इतका हलका होता की एकदा कॉक केलेली (स्प्रिंग दाबून तयार ठेवलेली) रायफल टेबलावर जरा जोरात टेकली आणि ती सुटली. पेलेट पेलेट-ट्रॅपच्या (पेलेट अडवणाऱ्या पेटीच्या) लाकडी चौकटीत घुसलं. रायफल तेव्हा ट्रॅपच्या दिशेला होती, म्हणून निभावलं.

मालकांनी निदान केलं की स्प्रिंग गेली.

पर्याय

त्यांच्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, रायफल पूर्ण खोलून स्प्रिंग, पिस्टनवरचे भाग आणि सगळी सीलं बदलायची. हिच्यात एकमेकींच्या उलट पिळाच्या दोन स्प्रिंगा असतात आणि दोन्ही दाबलेल्या अवस्थेत असतात. योग्य क्लॅम्पशिवाय मागचा भाग सोडला तर तो छातीवर येतो. दुसरी वाट, जाणकार आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) पाठवायची. पण वस्तू महिनोन्‌महिने बाहेर राहणार होती. तिसरी, काही न खोलता आधी मोजमाप करायचं, बाहेरून हाताला येणारे भाग ठीक करायचे आणि मगच पुढचं ठरवायचं.

मालकांचा ओढा पहिल्या वाटेकडे होता. सॅश क्लॅम्प (सुताराचा लांब शिकंजा) आणायला ते निघालेही होते. रविवारी ठाणे-नेरूळ लोकलने भाऊजी आले, त्यांनी एक शॉट मारला आणि रायफल खाली ठेवली. "उघडू नकोस. आधी मोज. स्प्रिंग मेली असती तर सगळेच शॉट सारखे मेलेले निघाले असते. हिचे वेगवेगळे निघतायत."

या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा हाच. थकलेल्या स्प्रिंगने वेग कमी होतो, पण बहुधा एकसारखा कमी होतो. वेग वर-खाली उडत असेल तर आधी तीन संशयित बघावेत: सिलिंडरमध्ये जळणारं तेल, ब्रीचपाशी होणारी गळती आणि अडखळणारी स्लेज. इथे तिन्ही एकदम होते.

मोजमाप

ओळखीतून एक क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला. पहिले आकडे सेकंदाला ४०० मीटर असे हास्यास्पद आले. कारण साधं होतं. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने फसतो. ट्यूब बंद करून वर जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावल्यावर आकडे जाग्यावर आले.

०.५३ ग्रॅमच्या सपाट तोंडाच्या मॅच पेलेटने दहा शॉट मोजले. पहिले दोन २०० च्या वर गेले, ते तेल जळाल्यामुळे. पिस्टनपुढची हवा एकदम दाबली जाते तेव्हा इतकी तापते की साधं खनिज तेल तिच्यात पेट घेतं. बाकीचे आठ ११६ ते १३९ च्या दरम्यान, सरासरी १२७ मीटर, म्हणजे जेमतेम सव्वाचार जूल. तब्येतीत असलेल्या अशा रायफलीचा वेग १६५ ते १७५ च्या पट्ट्यात असायला हवा.

तेल काढायला सोपा पण कंटाळवाणा उपाय केला. माशाच्या गळाच्या जाड नायलॉन दोरीला सुती कापडाची पट्टी बांधून ब्रीचकडून मझलकडे (बॅरलच्या पुढच्या तोंडाकडे) ओढायची. हे करताना लीव्हर पूर्ण मागे असतो, म्हणून एकाने दोन्ही हातांनी लीव्हर धरायचा आणि दुसऱ्याने दोरी ओवायची. पेलेट बसवतानाही हाच नियम आहे: अंगठा ब्रीचमध्ये असेतोवर लीव्हर हातातून सोडायचा नाही. अडकवणी घसरली तर सिलिंडर बोट कापेल एवढ्या जोरात पुढे येतो. त्यानंतर ४० पेलेट नुसती ट्रॅपमध्ये मारली. धूर थांबला, वास गेला. वेगाची उडी मात्र राहिली.

मग बघितली गळती. पातळ टिश्यू पेपरची पट्टी ब्रीचच्या फटीवर ठेवून शॉट मारला की पट्टी दर वेळी उडत होती. हवेचा मोठा भाग पेलेटच्या मागे न जाता बाजूने निसटत होता.

ब्रीच सील

बॅरलचं तोंड आणि सरकता सिलिंडर जिथे मिटतात तिथे एक छोटी सिंथेटिक कडी असते. टाचणीने स्पर्श करताच ती शिळ्या पेढ्यासारखी भुगा होऊन पडली. त्या काळातली ही सिंथेटिक द्रव्यं दमटपणात आपोआप कुजतात. ठाण्याच्या ३० पावसाळ्यांत ती टिकली असती तरच नवल. मालकांनी टाचणीने सगळा भुगा खरवडून काढला आणि फुंकरीने उडवून दिला. इथे चूक झाली. कडीची मूळ उंची सांगणारा एकमेव पुरावा गेला.

परदेशातून मूळ भाग मागवता आला असता, पण एअरगनचा भाग कस्टम्समध्ये किती दिवस बसेल याचा भरवसा नव्हता. मसजिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर तयार ओ-रिंग बघितल्या. व्यासाला जवळची सापडली, पण ती मऊ रबराची आणि गोल पोटाची होती. सिलिंडर घासून मिटताना ती खाचेतून बाहेर ओढली गेली असती. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरकडे ९० शोर कडकपणाचा पॉलियुरेथेनचा दांडा नेला. त्याने दांडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितला, कारण गार असताना पॉलियुरेथेन हत्याराखाली दबत नाही आणि कड साफ निघते. खाचेचा बाहेरचा आणि आतला व्यास व्हर्नियरने, खोली डेप्थ-पट्टीने मोजली आणि उंचीला मुद्दाम जास्त ठेवून पाच कड्या काढून घेतल्या.

पहिली कडी बसवली तेव्हा ती खाचेबाहेर अर्धा मिमी उभी होती. लीव्हर शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला जड जाऊ लागला. मालक म्हणाले, घट्ट बसतंय म्हणजे चांगलंच. ते चांगलं नव्हे. सिलिंडर पूर्ण मिटण्याआधी शॉट सुटला तर अडकवणीवर ताण येतो आणि कडी दोन दिवसांत चिरते. कडी काढून, काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, बोटाने गोल फिरवत घासली. दर दहा-बारा फेऱ्यांनी मोजून पाव मिमी उंचीवर थांबले. टिश्यूची पट्टी आता हलेना. वेग १५७ ते १६५, सरासरी १६१. या घडीला स्प्रिंगवरचा संशय जवळजवळ संपला.

स्लेज

खांद्याला बसणारा ठोसा अजून होता. स्टॉकचे स्क्रू काढून बॅरल-रिसीव्हर बाहेर घेतल्यावर कारण दिसलं. स्लेजच्या पट्ट्यांवरचं मूळ ग्रीस चिक्कीसारखं घट्ट झालं होतं. कापडाला रॉकेल लावून ते पुसलं, कोपरे बांबूच्या काडीने साफ केले, पट्ट्या कोरड्या केल्या आणि मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा बोटाने पुसट थर दिला. थापलेलं दिसेल इतकं ग्रीस भरण्याचा मोह अनेकांना होतो. जास्तीचं ग्रीस धूळ धरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चिक्की. सिलिंडरमध्ये फक्त सिलिकॉन चेंबर ऑइलचा एक थेंब, तोही दीड-दोन हजार पेलेटनंतर.

एक गोष्ट आधीच माहीत हवी. स्लेजबरोबर पीप साईटही (बारीक भोकातून बघायची मागची साईट) मागे येते. त्यामुळे पीपला रबरी कप लावून त्यात डोळा टेकवणं इथे चालत नाही. चष्मा लावणाऱ्याने तर चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवावंच.

ट्रिगर

भाऊजींनी स्पर्धेसाठी ट्रिगर ८० ग्रॅमच्या आसपास ठेवला होता. रोज सराव करणाऱ्या बोटाला तो चालतो. ५८ व्या वर्षी पुन्हा सुरुवात करणाऱ्याला तो धोक्याचा आहे. वजन वाढवून १५० ग्रॅम करायचं ठरलं. ते मोजायला खास गेज लागत नाही. छोट्या डबीत वाळू भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोरीसकट १५० ग्रॅम करायची. रायफल कॉक करून, पेलेट घालून, मझल ट्रॅपच्या तोंडाशी धरून उभी ठेवायची आणि दोरी ट्रिगरच्या मध्यावर अडकवून हळू उचलायची. डबी उचलली जाताना शॉट सुटला पाहिजे, त्याआधी नाही. रिकामा शॉट मारून हे तपासू नये. पेलेटचा अडथळा नसेल तर पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आपटतो.

मग रबरी हातोडीने स्टॉकच्या टाचेवर चारही बाजूंनी टकटक करून बघितलं. सुटली नाही. ट्रिगर ओढण्याचा पहिला टप्पा थोडा लांब ठेवला, दुसऱ्याची भिंत बोटाला स्पष्ट लागेल असा. भाऊजींना तो "बैलगाडीचा ब्रेक" वाटला. रायफल आता त्यांची नव्हती.

पीप आणि पुढची रिंग

इथे सगळ्यात जास्त पेलेट फुकट गेली. ग्रुप वर-डावीकडे लागत होता. मालकांनी पीपवरचं अक्षर आणि बाण बघून नॉब उलट दिशेला फिरवला आणि ग्रुप आणखी वर गेला. जुन्या जर्मन पीपवरच्या अक्षराचा अर्थ "गोळी इकडे लागली असेल तर या बाजूला फिरवा" असा असतो, "गोळी या बाजूला न्यायची असेल तर" असा नव्हे. २५ पेलेटनंतर उलगडा झाला. अशा वेळी एकाच नॉबला १० क्लिक (खटके) द्यावेत, पाच शॉट मारावेत, किती आणि कुठे सरकलं ते कागदावर लिहावं. इथे १० क्लिकला सुमारे ४ मिमी निघाले.

पुढच्या साईटमध्ये ३.४ मिमीची रिंग होती. थकलेल्या डोळ्याला काळ्या वर्तुळाभोवती पांढरी फट इतकी बारीक दिसे की मन ती जुळवत बसे आणि हात डुलू लागे. ४ मिमीची रिंग घातल्यावर नेम धरायचा वेळ १२ सेकंदांवरून सातावर आला. हा बदल फुकटातला आणि सगळ्यात सुखाचा ठरला. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणाऱ्यांना पीपचं बारीक भोक वरदानच असतं, मात्र पुढची रिंग ऐसपैस हवी.

बट-प्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी) एक सेंटिमीटर आत घेतली, कारण भाऊजी चार इंचांनी उंच.

कुठे मारायची

सोसायटीची गच्ची मोकळी होती आणि मोहही होता. पण चारही बाजूंनी खिडक्या, कबुतरं, वाळवणं घालायला येणाऱ्या बायका आणि एका फोनवर दारात येणारे पोलीस. गच्ची पहिल्याच चर्चेत बाद झाली. पार्किंग तर विचारातही घेऊ नये. उरला फ्लॅट: हॉलच्या भिंतीपासून बेडरूमच्या टोकापर्यंत ७.४ मीटर. मधे दार नाही, खिडकी नाही. लोखंडी ट्रॅप, मागे १९ मिमी प्लायवूड आणि त्यावर जुनी गोधडी. सराव सुरू असताना मुख्य दाराला आतून कडी आणि घरातली सगळी माणसं नेमबाजाच्या मागे, हा नियम.

लक्ष्य त्याच प्रमाणात लहान छापलं: ३०.५ मिमीचं काळं वर्तुळ ७४ टक्के करून २२.६ मिमी. डोळ्याला चित्र १० मीटरसारखंच दिसतं. झिरो, म्हणजे नेम तिथेच पेलेट लागावं अशी साईटची जुळणी, मात्र तोच राहत नाही. साईट बॅरलच्या वर असल्याने पेलेट नेमरेषेला खालून वर येऊन गाठतं आणि १० मीटरपर्यंत वर चढतच असतं. नवी मुंबईतल्या रेंजवर गेले तेव्हा ७.४ मीटरला नीट बसलेली रायफल ९ मिमी वर, म्हणजे सातच्या वर्तुळात लागली. वरच्या हिशेबाने २२ क्लिक खाली. हा आकडा आता पेटीच्या झाकणाला चिकटवलेला आहे.

शिशाबद्दल एकच. ट्रॅपमधला भुगा झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात नाही.

निकाल

चार प्रकारची पेलेट, प्रत्येकी पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, वाळूच्या पिशवीवर टेकवून. धक्का नसल्याने ही रायफल बिनधास्त टेकवता येते, साध्या स्प्रिंग-गनसारखी सैल धरावी लागत नाही. सगळ्यात महाग डबी दुसरी आली. ४.५० मिमी डोक्याच्या मधल्या किमतीच्या पेलेटने बाहेरून बाहेर सरासरी ७ मिमी दिले. पेलेटचाच व्यास साडेचार, म्हणजे केंद्रांमधलं अंतर अडीच. वेग ३०० शॉटनंतर १६६ वर स्थिरावला, चढ-उतार ५ मीटरचा, ऊर्जा सुमारे ७.३ जूल. ऑगस्टअखेर रेंजवर उभं राहून ४० शॉटमध्ये ३१८. पदकाच्या जवळपासही नाही. पण मालक आता रोज संध्याकाळी ३० पेलेट मारतात आणि बायकोच्या म्हणण्यानुसार टीव्हीवर कमी ओरडतात.

जुलैत एकदा झिरो अचानक ५ मिमी डावीकडे गेला. पीपला हात लावण्याआधी त्यांनी स्टॉकचे स्क्रू बघितले, ते चांगलं केलं. अक्रोडाचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि पुढचा स्क्रू ढिला झाला होता. तेव्हापासून रायफल फोमच्या पेटीत राहत नाही. फोम ओल धरून ठेवतो आणि बोटांचे ठसे उमटतात तिथे गंज येतो. ती लाकडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, बाहेरून हलकं तेल लावलेल्या कापडाने पुसून उभी असते.

काय वेगळं करता आलं असतं

तेल घालण्याआधी दहा शॉटचा वेग मोजायला हवा होता. रायफल आली तेव्हा ती नेमकी कशी होती हे आता कधीच कळणार नाही. जुन्या सीलचा एखादा तरी सलग तुकडा जपला असता तर घासायचे तीन दिवस वाचले असते. स्लेज साफ करताना स्टॉक आणि साईट एकाच दुपारी हलवले गेले, त्यामुळे झिरो कशाने बदलला याचा पत्ता लागायला आणखी ५० पेलेट गेली. आणि भाऊजींच्या कपाटात एक खिशातली डायरी होती. तिच्यात पीपचे क्लिक, रिंगेचं माप, पेलेटचं डोकं, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. ती गणपतीत आरत्यांचं पुस्तक शोधताना सापडली. जूनमध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

एक प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला आहे. पिस्टनपुढचा सिंथेटिक भाग ब्रीच सीलच्याच वयाचा आहे आणि त्याच दमट हवेत राहिलेला. सध्या बॅरलमधून ओढलेल्या कापडावर तपकिरी भुगा दिसत नाही, वेगही पडलेला नाही, म्हणून रायफल खोललेली नाही. दर ५०० पेलेटनंतर दहा शॉट मोजायचे, सरासरी १५० च्या खाली गेली किंवा कापडावर कण दिसले तर रायफल सरळ आर्मररकडे, असं ठरलं आहे. सॅश क्लॅम्प अजून विकत घेतलेला नाही.